नऊशे ओहम

त्याला सगळी गल्ली जावई म्हणायची. गॅरेज सासऱ्यांचं. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं असेल, "हा कोण नवा?" आणि कुणीतरी सांगितलं असेल, "जावई." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, "जावई आहेत का? गिअर अडकतोय जरा." बँकेतला कारकूनसुद्धा त्याला जावईच म्हणायचा, आणि तो काही बँकेचा जावई नव्हता.

नावाचं त्याला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अकरा वर्षांत सासऱ्यांनी त्याला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. अख्खं इंजिन उतरवून, उघडून, परत बसवून पहिल्या चावीला सुरू करून दाखवलं, तरी दाराशी टाकलेल्या खुर्चीतून एकच आवाज यायचा, "हं." त्या 'हं'मध्ये 'बरं' होतं की 'बघू' होतं, हे त्याला अकरा वर्षांत उमगलं नव्हतं.

सासरे नावाजलेले मिस्त्री. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग नट बोटांतून निसटायला लागले. एक दिवस त्यांनी आपणहून पाना खाली ठेवला आणि खुर्ची दाराशी ओढली. तेव्हापासून काम सगळं जावयाच्या हातांवर आणि लक्ष सगळं सासऱ्यांचं.

आणि यंदा धाकटी आली. धाकटी म्हणजे बायकोची लहान बहीण. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाच वर्षं काम करून ती घरी परतली. "तिथं दिवसभर एकच काम," म्हणाली, "इथं रोज नवा रोग." बॅगेत तिचा स्वतःचा स्कॅनर होता, मल्टिमीटर होता आणि व्यवस्थित गुंडाळून ठेवलेल्या वायरी होत्या. पहिल्याच आठवड्यात तिने एका व्हॅनचा बिघाड दहा मिनिटांत सांगितला, बॉनेटला हातही न लावता. सासरे खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "वा!"

जावई तेव्हा शेजारच्या गाडीखाली आडवा होता. त्याने तो 'वा' ऐकला आणि हातातला बोल्ट इतका आवळला की बोल्टचं डोकं तुटून हातात आलं.

त्या दिवशी घरी त्याच्या ताटातलं तसंच राहिलं.

"पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही. भूकच नाही."

"मी जेवणाचं विचारत नाहीये," ती म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

पोटातच दुखत होतं. धाकटी वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती "भाऊजी, भाऊजी" करत मागे यायची, गिअरबॉक्स कसा उतरवायचा ते विचारून घ्यायची, त्याचा चहा झाकून ठेवायची. तिच्यावर रागवायला कारण सापडत नव्हतं आणि त्यामुळे राग जास्तच येत होता. सासरे तिच्या स्कॅनरच्या पडद्यात डोकं घालून शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारायचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर एकाच घरात एकाचं पीक सडत होतं आणि दुसरीचं हातोहात खपत होतं.

अशात एका सकाळी नर्सबाईंची गाडी दोरीला बांधून ओढत आणली.

नर्सबाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. जावयाची मुलगी त्यांच्याच हातची. त्यांची गाडी थांबली म्हणजे चार गावच्या बायकांचं काम थांबलं. त्या खाली उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काल चालत होती. आज नुसती कण्हतेय. माझ्या पेशंटसारखी. फरक एवढाच, ही काही बाहेर काढत नाही."

जावयाने चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन गरगरलं, पण पेट घेईना. त्याने दोनदा फिरवून बघितलं, वास घेतला, मागच्या सीटखाली कान लावला. "पेट्रोलचा पंप असेल," तो म्हणाला. जरा घाईच झाली. धाकटी हात पुसत येताना दिसली आणि तिच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला.

"भाऊजी, परत एकदा फिरवता?" धाकटी खिडकीतून आत वाकली. "आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय, पण काटा हलत नाहीये."

काटा खरंच शून्यावर चिकटून होता. तिने स्कॅनर जोडला. "कॅम सेन्सरचा सिग्नल येतोय. क्रँक सेन्सरचा अजिबात नाही."

"म्हणजे काय गं?" सासऱ्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बाबा, इंजिन या क्षणी कुठल्या जागी आहे, पिस्टन वर आहे की खाली, हे कॉम्प्युटरला या दोन सेन्सरांवरून कळतं. क्रँकचा सेन्सर गप्प बसला तर ठिणगी कधी द्यायची हेच त्याला समजत नाही. मग तो देतच नाही."

"नाडी लागत नाही म्हणा ना," नर्सबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच!"

"वा!" सासरे म्हणाले. "काट्याकडे बघून ओळखलंस. वा!"

जावयाच्या अंगाची लाही झाली. पंपाचं नाव काढून तो मोकळा झाला होता, ते शब्द आता गिळताही येत नव्हते. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, चुकला म्हणून झापलं असतं, तरी चाललं असतं.

"पण नुसत्या स्कॅनरच्या कोडवर विसंबून सेन्सर बदलायचा नाही," धाकटी म्हणाली. "वायरही असू शकते. भाऊजी, मी दुकानातून नवा सेन्सर आणून ठेवते, लागला तर हाताशी असावा. तेवढ्यात जुन्याचं माप घेऊन ठेवाल? आठशे ते हजार ओहम आलं तर तो ठीक. मग चावी फिरवताना एक व्होल्टाच्या आसपास देतोय का ते बघा. माझा मीटर घ्या."

"मला येतं मोजायला," तो म्हणाला.

"येतंच की. म्हणून तर तुम्हाला सांगतेय." ती हसली आणि स्कूटर काढून गेली.

त्याने गाडी रॅम्पवर घेतली. सासरे चहा प्यायला घरात गेले होते. घर गॅरेजच्या मागेच होतं. क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, फ्लायव्हीलजवळ होता. त्याने कनेक्टर सोडवला, मीटरची टोकं सेन्सरच्या दोन पिनांना लावली. नऊशे ओहम. काटेकोर नऊशे.

"नर्सबाई, चावी फिरवता?" त्याने खालून हाक मारली. नर्सबाई सीटवर बसल्या होत्या. त्यांनी चावी फिरवली. मीटरवर सव्वा व्होल्ट आला. सेन्सर ठणठणीत होता. दोष पुढे वायरीत होता.

त्याने बोटांनी वायरीचा माग घेतला. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर, गिअरबॉक्सच्या पट्टीमागे, काळ्या टेपची एक गाठ लागली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, सोडवायला सोपं जावं म्हणून. अख्ख्या गल्लीत टेप अशी एकच माणूस दुमडायचा.

त्याला सगळं आठवलं. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याने या गाडीची क्लचप्लेट बदलली होती. गिअरबॉक्स उतरवताना ती वायर ताणून तुटली होती. नर्सबाईंना घाई होती. त्याने दोन टोकं पिळली, टेप गुंडाळली आणि 'पुढच्या वेळी सोल्डर करू' म्हणून सोडून दिली. पुढची वेळ आलीच नाही. आता टेपच्या आत तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं.

त्याची बोटं गाठीवर थबकली आणि विचार पुढे धावले. धाकटी आली की सांगावं लागणार, सेन्सर चांगला आहे, वायर तुटलीय. ती माग काढत इथं येणार. विचारणार, हा जोड कुणी दिला? आणि सासरे खुर्चीत असणार. अकरा वर्षांत त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: पिळलेली वायर म्हणजे उधार काम.

"काय हो जावई," नर्सबाईंनी वरून विचारलं, "लागतेय का नाडी?"

मीटर त्याच्या हातात होता. 

"नाही," तो म्हणाला. "सेन्सर गेलाय."

आणि बोलल्याबरोबर त्याला दिसलं, की यात आपलं लपतं एवढंच नाही. धाकटी नवा सेन्सर बसवणार. सगळ्यांसमोर चावी फिरवणार. आणि गाडी सुरू होणार नाही. हे दिसल्यावर त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं वाटलं.

धाकटी परतली. "काय आलं माप?"

"काहीच नाही. उघडं सर्किट."

"बरं झालं, घेऊन आले ते." तिने परत मोजलं नाही. भाऊजींनी मोजलं म्हणजे मोजलं. तिने अर्ध्या तासात नवा सेन्सर बसवला, हात पुसले आणि वडिलांकडे बघून चावी फिरवली.

इंजिन गरगरलं. काटा शून्यावर.

तिने परत फिरवली. मग तिसऱ्यांदा. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू उतरला. नर्सबाईंनी घड्याळाकडे बघितलं. जावई टूलबॉक्सवर टेकून उभा होता. धाकटी आल्यापासून ज्या क्षणाची त्याने आठ आठवडे वाट बघितली होती तो हाच, आणि तो त्याने डोळे भरून बघितला.

"माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दुसरं काहीतरी असणार, मी पुढे विचारच केला नाही. सॉरी, नर्सबाई. आता वायर बघते."

त्याच वेळी नर्सबाईंचा फोन वाजला. त्या दोन मिनिटं नुसतं "किती वेळाने येताहेत कळा?" आणि "झोपू नकोस, चालत राहा," एवढंच बोलल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा थट्टेचा सूर गेला होता. "परवाची तारीख होती. आज सुरू झालंय. बावीस किलोमीटर आहे आणि तिचं पहिलं बाळंतपण मी अवघड जाताना बघितलंय. मला आत्ता निघायला हवं."

धाकटी गाडीखाली जायला वाकली. सासऱ्यांनी हात वर केला. "थांब तू. जावईबापू, तुम्ही बघा."

दुसऱ्याला थांबवून त्याला पुढे करणं, अकरा वर्षांत हेही पहिल्यांदाच.

तो गाडीखाली गेला. हात आपोआप त्या गाठीवर गेला. टेप काढली, सडलेलं तांबं कापलं, नवा तुकडा घातला, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. सहा मिनिटं लागली. सहाच. ती सहा मिनिटं तासाभरापूर्वीही तेवढीच लागली असती, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. नर्सबाई पाठीमागे न बघता निघून गेल्या.

"काय होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"वायर सडली होती. आतल्या आत."

"शाब्बास," सासरे म्हणाले. "शेवटी हात तो हात."

शब्द कानावर पडला. जावयाला वाटलं होतं, या शब्दाने छाती भरून येईल. तोंडात नुसती ग्रीसची चव आली. तो नळावर गेला आणि हात धूत राहिला. हात मघाशीच स्वच्छ झाले होते.

मागे टेबलावर बारीक आवाज झाला. मीटर चालू केल्याचा. धाकटीने जुना सेन्सर फेकला नव्हता. ती कधीच काही न बघता फेकत नसे. तिने पिनांना टोकं लावली, पडद्याकडे बघितलं, टोकं काढून परत लावली.

ती नळापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, नऊशे दाखवतोय."

त्याने नळ बंद केला.

"गरम झाल्यावर कधीकधी बंद पडतात. गार झाल्यावर परत चालतात. तसं असेल." ती त्याच्यासाठी वाट काढून देत होती. "तुम्ही मोजलंत तेव्हा गरम होता का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. गाडी रात्रभर उभी होती, दोरीने ओढत आली होती. इंजिन गारच होतं आणि हे तिलाही माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हाही नऊशेच होता."

"मग?"

"तो जोड माझा होता. क्लचच्या वेळचा. नुसता पिळून ठेवलेला." मग त्याने उरलेलंही सांगितलं, कारण अर्धं सांगणं आणखी लाजिरवाणं वाटलं. "आणि मला बघायचं होतं, तुझ्या हातून गाडी सुरू होत नाही ते. मामांच्या समोर."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. "ती बाई तिकडे कळा देतेय," ती म्हणाली. तिने आपला मीटर पिशवीत घातला, वायरी गुंडाळल्या आणि घरात निघून गेली. दुपारी ती गॅरेजात आली नाही.

सासऱ्यांनी हे सगळं खुर्चीतून बघितलं होतं, ऐकू काहीच आलं नव्हतं. "काय झालं तिला?"

जावई त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. यावेळी सांगणं जास्त कठीण गेलं. सासऱ्यांचे हात मांडीवर थरथरत होते.  रस्त्यावरून एक ट्रक गेला. सासऱ्यांनी सवयीने कान टवकारला आणि सोडून दिला.

"मघाचं शाब्बास परत घेतो," ते म्हणाले.

"घ्या, मामा."

"पण तुम्हाला ते इतकं का लागतं हो? पोरीला वा म्हटलं तर तुमचं काय गेलं?"

"तुम्ही मला कधी म्हणालाच नाहीत."

सासरे चिडले. चिडल्यावर त्यांचा हात जास्त हलायचा. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "कसं म्हणणार? ती करते ते मला कधी येतच नव्हतं. तिचा पडदा, तिचे आकडे. तिला चांगलं म्हणायला माझं काय जातं? तुम्ही करता ते माझं काम आहे. माझ्या पान्यांनी करता. तुमचा हात जरासुद्धा हलत नाही." ते थांबले. "चार वर्षं इथं बसून मी तेच बघतोय. सगळेजण म्हणतात, सासऱ्याचं किती लक्ष आहे कामावर. लक्ष कसलं, डोंबल. जळत होतो बसल्या जागी."

 त्याने आजवर त्या 'हं'चे शंभर अर्थ लावले होते, हा एक कधीच लावला नव्हता.

"तुमचं काम चांगलं आहे," सासरे रस्त्याकडे बघत म्हणाले. "आजचं सोडून. आजचं नीच होतं. नर्सबाई आल्या की त्यांना तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

नर्सबाई दुसऱ्या दिवशी आल्या. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. जावयाने टूलबॉक्सपाशी उभं राहून त्यांना जोडाचं सांगितलं आणि खोट्या मापाचंही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी पोचल्यावर वीस मिनिटांत बाळ बाहेर आलं," त्या म्हणाल्या. "नाळ गळ्याभोवती होती. वीस मिनिटं." मग त्यांनी चावी हातात घेतली. "तुमची पोरगी झाली तेव्हा तुम्ही दाराबाहेर कसे उभे होता, मला आठवतंय. कालही एकजण तसाच उभा होता." एवढं बोलून त्यांनी गाडी काढली. पुढची सर्व्हिसिंग त्यांनी दुसरीकडे करून घेतली. त्याने मनाला लावून घेतलं, पण तक्रार केली नाही. त्यानंतरच्या वेळी त्या परत आल्या, मात्र गाडी धाकटीच्या हवाली केली.

बायकोला त्याने गाडी दुरुस्त झाली त्याच दिवशी सांगितलं होतं. ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. धाकटी मात्र चौथ्या दिवशी गॅरेजात आली. समोर एक डिलिव्हरी व्हॅन उभी होती, हीसुद्धा सुरू न होणारी. यावेळी कॅम सेन्सर. तीन वायरींचा.

"भाऊजी, एकच सांगते," ती म्हणाली. "यापुढे तुमचं प्रत्येक माप मी परत मोजणार. तुमच्यासमोर. वाईट वाटलं तर वाटू दे."

"वाटेल," तो म्हणाला. "मोज."

तिने मीटर त्याच्याकडे दिला. त्याने सेन्सरला पाच व्होल्ट येतात का बघितलं, अर्थिंग बघितलं, मग सिग्नलच्या वायरीला टोक लावलं. ती चावी फिरवत होती. आकडा वर-खाली, वर-खाली होत होता. त्याने मोठ्याने वाचून दाखवला. ती उतरून आली, त्याच्या हातातून मीटर घेतला आणि पहिल्यापासून सगळं मोजलं. खुर्चीतून सासरे तिला म्हणाले, "वा, असंच पाहिजे." जावयाच्या पोटात जुन्या जागी बारीकशी कळ आलीच. त्याने ती येऊ दिली, आणि धाकटीला उजेड नीट पडावा म्हणून दिवा जरा खाली धरला.